आईला काही झालेलं नाही, डायलॉग मिळालेत

अंबरनाथ (पूर्व)
रविवार, जेवणं झाल्यावर

ती. रूपेशदादा यांस,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घे). वैदेहीवहिनींना नमस्कार, राजसीला पापा, आणि ती आता मोठी झाल्यामुळे पापा घेऊ देत नसेल तर तिच्या फोटोला. तुझी ॲसिडिटी कशी आहे? रात्रीचं लोणचं सोडलंस का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. हे मी रीत म्हणून लिहीत नाहीये. त्या 'सगळे'मध्ये आईसुद्धा आहे, आणि तेवढंच सांगायला हे पत्र आहे. फोन केला तर तू मीटिंगमध्ये असतोस, व्हॉट्सॲपवर लिहिलं तर अंगठा दाखवतोस. कुरिअरचं पाकीट आलं की माणूस निदान सही करताना तरी घाबरतो, म्हणून कागद.

मंगळवारी तू मला घाबराघुबरा होऊन फोन केलास. आई तुला म्हणाली होती, "रूपेश, तू माझा थोरला मुलगा आहेस. तू बेंगळुरूला एका कंपनीत नोकरी करतोस. तुझ्या वडिलांना जाऊन दोन वर्षं झाली आणि मी अंबरनाथला एकटी राहते." तुला वाटलं, बिचारी सगळं विसरत चालली आहे आणि विसरू नये म्हणून घोकते आहे. वहिनींनी त्याच रात्री विसराळूपणावरचा एक व्हिडिओ पाहिला (त्या व्हिडिओ फार पाहतात, हे मी प्रेमाने म्हणते). तुम्ही मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतलीत, विमानाचं तिकीट काढलंत, आणि मला हुकूम आला की या वेळी आईला विचारायचं नाही, बॅग भरायची आणि आणायची. कायमची. दादा, आईला काही झालेलं नाही. दोन दिवाळ्यांमागे बेसनाचे लाडू भरून दिलेला स्टीलचा डबा वहिनींकडून परत आलेला नाही, हे तिला झाकणासकट आठवतं. तिला फक्त डायलॉग मिळाले आहेत. आणि ते मी लिहिले आहेत.

आता नीट बसून वाच. आपल्या बिल्डिंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा प्रज्वल तुला आठवत असेल. त्याने नोकरी सोडली (सोडली की सुटली, यावर बिल्डिंगमध्ये दोन तट आहेत) आणि यूट्यूबवर टाकायला एक विज्ञानपट काढायला घेतला. नाव 'महाग्रहाचा अंत'. मी दर रविवारी बदलापूरहून आईकडे येते हे पाहून त्याने मला जिन्यात गाठलं आणि म्हणाला, ताई, तुम्हाला शाळेत निबंधाची बक्षिसं मिळायची म्हणे, डायलॉग तुम्ही लिहा. लग्नानंतर मला रजेच्या अर्जाशिवाय काही लिहायला कुणी सांगितलेलं नव्हतं, तेव्हा मी फुगले. तू हसशील. हस. पण परग्रहावरची माणसं पडद्यावर इतकी बंडल का बोलतात, हे आजपर्यंत मलाही कळत नव्हतं. आपण लहानपणी लोळून लोळून हसायचो ना? आता सांगते, त्यात लिहिणाऱ्याचा काडीचा दोष नसतो.

झालं असं, की प्रज्वलकडे लोकांना द्यायला काहीही नव्हतं. म्हणून त्याने नियम काढला, जो सिनेमासाठी वस्तू देईल त्याला त्या मानाने डायलॉग. सोसायटीने पंपरूम दिली, ते आमचं अंतराळयान. उल्हासनगरच्या फर्निचरवाल्या गिदवानी शेठनी प्लायवूड आणि फिरत्या खुर्च्या दिल्या, पण "साईं, प्लास्टिक नहीं निकालना, माल वापस दुकान में लगाना है" या अटीवर. त्यामुळे आमचा कॅप्टन गंभीर होऊन खुर्चीत टेकला की चर्र असा आवाज होतो आणि विश्वाचं संकट जरा लांबतं. बुवापाड्याच्या हिरामणने टेम्पो दिला. तो म्हणाला, "ताई, टेम्पो काय आपल्याला फुकट पडत नाय. चांगले लंबे डायलॉग पायजेत, नायतर हॉर्नसुद्धा वाजवणार नाय." म्हणून तो हिरव्या रंगाचा सेनापती झाला. मी त्याला लिहून दिलं होतं, 'पृथ्वीवासी, मार्गातून दूर हो.' तो दर वेळी म्हणतो, "ए पृथ्वीवाल्या, साइड दे ना." खरं सांगू, माझ्यापेक्षा ते बरं वाटतं, पण मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

बाकी बिल्डिंगने एकेक चादर, एकेक टेबलफॅन, एकेक टॉर्च दिला. आता टॉर्चला अख्खं वाक्य कुठून देणार? म्हणून एक वाक्य सहा जणांत वाटावं लागलं. एक म्हणतो कॅप्टन, दुसरा म्हणतो काय, तिसरा म्हणतो स्फोट, चौथा विचारतो कुठे, पाचवा म्हणतो इंजिनात, आणि पहिल्या मजल्यावरच्या गोदूमावशी (टेबलफॅन, तोही डुगडुगता) विचारतात, कोणत्या? एवढ्यात स्फोट होऊन, विझून, यानातली माणसं चहाला बसायला हवीत. शिवाय मध्येच कुणी तरी भाजी टाकून उशिरा येतं, त्याला काही समजत नाही, म्हणून प्रज्वलचा आग्रह की प्रत्येकाने आपण कोण, समोरचा कोण आणि आपण कुठे आहोत हे बोलता बोलता सांगायचं. त्यामुळे यानात वर्षानुवर्षं संसार केलेला नवरा बायकोला सांगतो, की प्रिये, तू माझी पत्नी आहेस आणि आपण अंतराळात आहोत. पाणी यायच्या वेळी मात्र शूटिंग थांबतं, कारण पंप सुरू होतो. सबंध सिनेमात विज्ञानाचा म्हणावा असा तेवढा एकच आवाज आहे.

आईने काय दिलं, हे तुला सांगायला नको. चहा, पोहे, उपवासवाल्यांना साबुदाणा, आणि हिरामणला वेगळी भाकरी, कारण हिरवा रंग लावला की त्याला भूक लागते. हिशेबाने सगळ्यात मोठी भूमिका तिची होती. प्रज्वल विचारायला गेला, तर ती आपली नेहमीसारखी म्हणाली, "मला कशाला रे, दे दुसऱ्या कुणाला." आणि त्या गाढवाने खरंच दिली! दुसऱ्या दिवशी चहात आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी साखर नव्हती. शेवटी मी प्रज्वलला बाजूला घेऊन समजावलं, की आमच्या घरात 'मला कशाला' म्हणजे 'मला का नाही'. मग आई महाराणी झाली, महाग्रहाची सम्राज्ञी, डोक्यावर फराळाची चाळण उलटी घातलेली.

तिने पाठांतर इतकं मनावर घेतलं, की दारात येईल त्याच्यावर ती सराव करायला लागली. दूधवाल्याला म्हणाली, तू दूधवाला आहेस आणि तू दूध आणलं आहेस. तो म्हणाला, "हां मावशी, रोज मीच आणतो ना." तुझा फोन आला तो याच दिवसांत. पण मग दादा, एक गंमत झाली. या भिकार डायलॉगांत माणसं मनातलं सरळ बोलून टाकतात. मला राग आला आहे, मला भीती वाटते, मला हे नको. आपल्या घरात असं कधी कुणी बोललंय का? बाबा रागावले की पेपर घडी करायचे, बस. आई एका सकाळी वर गेली आणि गोदूमावशींना म्हणाली, "गोदू, तू गॅलरीत चादरी झटकतेस त्याची धूळ जिन्यातून माझ्या घरात येते आणि मला तुझा राग येतो." (तीस वर्षं आली असेल ती धूळ.) गोदूमावशी आधी रडल्या, मग म्हणाल्या, "मीने, आधी बोलायचंस ना गं," आणि दोघींनी तिथेच उभ्याने चहा घेतला.

आज सकाळी शेवटचा प्रसंग होता. महाग्रहाचा स्फोट व्हायचा आहे आणि युवराज (दुसऱ्या मजल्यावरचा करण, अंगात बाथरोब) महाराणीला दुसऱ्या ग्रहावर न्यायला आला आहे. तो म्हणतो, "मातोश्री, या ग्रहावर आता तुमचं उरलंय काय? तिकडे तुमच्यासाठी स्वतंत्र कक्ष आहे, त्याला जोडून स्नानगृह आहे, खिडकीतून हिरवळ दिसते. तुम्हाला काहीच करावं लागणार नाही." वाचनाच्या दिवशी या वाक्यांना सगळ्यात जास्त हशा पिकला होता. असं कुणी आपल्या आईशी बोलतं का, असं हिरामणसुद्धा म्हणाला. यावर आईने एवढंच म्हणायचं होतं, 'चल पुत्रा.' मग ती जाणार, ग्रह फुटणार आणि आम्ही फरसाण खाणार.

आई बोललीच नाही. प्रज्वलने तीनदा घेतलं, ती नुसती करणकडे बघत राहिली. चौथ्यांदा म्हणाली, "नाही रे. मला नाही यायचं. तिकडं सगळं आहे, मला ठाऊक आहे. पण काही करावं लागणार नाही म्हणतोस, मग मी दिवसभर करू काय? इथं दार उघडलं की कुणी तरी विचारतं, आज काय भाजी. मला मीने म्हणून हाक मारणारी माणसं आता इथंच उरलीत. तुझ्या घरात मी आजी आहे, आई आहे, सासू आहे. मीना कुठं आहे? मला असं उचलून नेऊन ठेवू नका रे."

हिरामणच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हिरवा रंग मानेपर्यंत उतरला. खुर्च्या तपासायला आलेले गिदवानी शेठ नाक पुसत म्हणाले, "माताजी, आप बैठो. प्लास्टिक निकाल दो." प्रज्वल तेवढा कपाळाला हात लावून बसला, की महाराणी ग्रह सोडत नसेल तर ग्रह फोडायचा कसा, आणि ग्रह फुटला नाही तर सिनेमाचं नाव काय ठेवायचं. मी कोपऱ्यात कागद हातात धरून रडत होते. मला फार वाईट वाटलं दादा. तू तिला नेतो म्हणालास तेव्हा मीही मान डोलावली होती, आणि तिला काय हवंय हे आपण दोघांनीही कधी विचारलं नव्हतं.

असो. कंबरेला शेक घ्यायची वेळ झाली. वहिनींना सांग, डबा सावकाश पाठवला तरी चालेल.

तुझी,
रोहिणी

ता. क. : डॉक्टरची वेळ आणि विमानाचं तिकीट, दोन्ही रद्द कर. हे सांगायलाच पत्र लिहायला बसले होते, ते मध्येच राहून गेलं.

आणखी ता. क. : युवराजाची ती वाक्यं मी लिहिलेली नाहीत. आपल्या फॅमिली ग्रुपवर गणपतीत तू आईला लिहिलेला मेसेज आहे तो. मी फक्त अटॅच्ड बाथरूमचं स्नानगृह केलं. श्रेयनामावलीत तुझं नाव टाकू का, ते कळव.

आणि हे आईच्या हातचं : रूपेश, पाकीट उघडं होतं म्हणून वाचलं. रोहिणी फार वाढवून लिहिते, गोदू रडली नव्हती, तिला सर्दी होती. बाकी खरं आहे. मला तिकडे राहायला यायचं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून दोन वर्षं बोलले नाही. आता तुला वाईट वाटेल. वाटू दे. रडून झालं की तुला भूक लागते, तेव्हा वैदेहीला उठवू नकोस. भात असेल तो स्वतः गरम करून घे. — आई