डावं बटण आणि अर्जुनरावांचा वाढदिवस

पाटोदा,
गुरुवार

तीर्थस्वरूप संगमेशअप्पांच्या सेवेशी,

आपला धाकटा साडू वैजिनाथ याचे शरणार्थ. अक्कांची गुडघेदुखी कशी आहे? रुद्राणीचा बारावीचा अभ्यास जोरात चालू असेलच. आपली तब्येत उत्तमच असणार, कारण नातेवाइकांना खराब माल देणाऱ्यांची तब्येत बिघडलेली मी आजवर पाहिलेली नाही. (हे वाक्य आमच्या सौ. शांतादेवीने खोडायला सांगितलं होतं. मी खोडणार नाही.) आमच्याकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल काहीही नाही. रविवारपासून माझं डोकं तापलेलं आहे, आपण फोन उचलत नाही आणि मेसेज केला की नुसता अंगठा दाखवता.

विषय आपल्या दुकानातल्या माऊसचा. दिवाळीत माझ्या दुकानाच्या पूजेला आपण तो टॉवेल-टोपीसोबत माझ्या हातात ठेवलात आणि चारचौघांत म्हणालात, "पोराबाळांना वारसात द्या, इतका टिकंल." अप्पा, तो संक्रांतीपर्यंतही टिकला नाही. डावं बटण एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं करतं आणि धरून ठेवलं तर मध्येच सोडून देतं. मी आपल्याला तेव्हाच कळवलं. आपण म्हणालात, फेकू नका, बदलून देतो. त्याला चार महिने झाले. पाटोद्यात काय माऊस मिळत नाहीत? ढिगाने मिळतात. पण आपल्या मेहुणीबाईंनी हुकूम काढला, "दाजींनी दिलेली वस्तू हाय, बदलायची न्हाई. अक्काला काय वाटंल?" अक्कांना काय वाटेल याचा विचार करता करता मला काय वाटतं हे या घरात आजवर कुणी विचारलेलं नाही.

शेवटी मीच तो उघडला. पोटाखालच्या चिकटपट्टीमागे लपवलेला स्क्रू शोधण्यात एक सकाळ गेली. बटणाखाली नखाएवढी डबी असते आणि डबीत तांब्याची पत्ती. ती सुईने जरा वाकवली की बटण सुधारतं, असं व्हिडिओतला माणूस हसत हसत सांगत होता. मी वाकवली. पत्ती उडाली आणि शांतादेवी निवडत बसली होती त्या तांदळात पडली. (भात दोन दिवस मी एकट्यानेच चिवडून खाल्ला, बाकीच्यांनी भाकरीवर भागवलं.) ती सापडून परत बसवल्यावर बटण पहिल्यापेक्षा जास्त चेकाळलं. आता ते मी न दाबताही दाबलं जातं.

आणि अशात अर्जुनरावांचा एकसष्टावा वाढदिवस आला. अर्जुनराव आपल्याला माहीत नसतील, म्हणून सांगतो. माझं ऑनलाइन फॉर्म आणि बॅनरचं दुकान ज्या गाळ्यात एकोणीस वर्षं चाललंय, तो गाळा त्यांचा. आमच्याकडे बॅनरवर कुणाचा फोटो केवढा, यावर त्याची तालुक्यातली किंमत ठरते, हे आपल्यासारख्या शहरातल्या माणसाला कळायचं नाही. मधोमध हात जोडलेला मोठा फोटो उत्सवमूर्तीचा, आणि खाली अंगठ्याएवढ्या गोलात शुभेच्छुक. बॅनर सांगायला त्यांचा पुतण्या बद्रीनाथ आला होता. मी अर्जुनरावांचा फोटो धरून मधे न्यायला लागलो, बटणाने तो वाटेत सोडला आणि ते खाली शुभेच्छुकांच्या रांगेत पडले. बद्रीनाथला धरून खाली न्यायला गेलो, तो मधेच अडकला आणि मोठा झाला. एवढ्यात पडद्यावर काहीतरी सूचना आली. ती बंद करायला मी एकदा, अप्पा, फक्त एकदा दाबलं. पहिल्या दाबाने सूचना गेली, आणि जो दुसरा दाब मी दाबलाच नव्हता त्याने बॅनर छपाईला गेला. छापखान्याला फोन करेपर्यंत छापून झाला होता.

मी तो घेऊन पळत बद्रीनाथकडे गेलो. म्हटलं, दुसरा छापून घेऊ. त्याने बॅनर अंगणात पसरला, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या काका. आता येळ कुठंय? आन् फोटो लई भारी आलाय." हलकट! दुसऱ्या दिवशी चौकात वीस फुटी बॅनर, वर लिहिलेलं 'लोकनेते अर्जुनराव यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', आणि त्याखाली हात जोडून बद्रीनाथ. लोकांनी हार कुणाला घालायचे? ज्याचा फोटो मोठा त्याला घातले. त्यानेही मान पुढे करून घालून घेतले. केकही त्यानेच कापला.

दुपारी अर्जुनराव आले. चष्मा लावून आपल्याच वाढदिवसाच्या बॅनरवर स्वतःला शोधत राहिले. शेवटी सापडले, शहादेव आणि जीवन या दोन शुभेच्छुकांच्या मधे. काठी टेकवून मला विचारलं, "वैजिनाथ, ह्यो मीच हाय का बे?" "पुढल्या सोमवारपर्यंत गाळा खाली कर," एवढंच म्हणाले आणि गेले. अप्पा, थट्टा बाजूला ठेवतो. या वयात मी दुकान उचलून कुठे जाऊ? मला राग आलाय, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटते. आणि हे सगळं आपल्या त्या फुकटच्या बटणापायी! संताप होतो नुसता.

अक्कांना नमस्कार, रुद्राणीला आशीर्वाद. आपल्याला काय, तेच नाइलाजाने शरणार्थ.

आपला (नात्यामुळे) आज्ञाधारक,
वैजिनाथ

ता. क. माऊस सोबतच्या डब्यात पाठवला आहे. बदलून दिलात तर बरं, नाही दिलात तरी चालेल. खरं काम वेगळंच आहे. त्या दिवशी माझ्या खुर्चीत बसून बॅनर आपण केलात, असं आपण कबूल करावं. आपण बीडला राहता, आपला गाळा स्वतःचा आहे, अर्जुनराव आपलं काय वाकडं करणार?

ता. क. २. हे विचारायला मला जरा उशीर झाला. मी त्यांना तसं मंगळवारीच सांगून टाकलं आहे. आपला स्वभाव मोठा आहे, असंही सांगितलं.

ता. क. ३. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही. आज दुकानात येऊन म्हणाले, उद्या मी कोर्टाच्या तारखेला बीडला चाललोय, त्यालाच तोंडावर ईचारतो. तेव्हा पाकीट तीनदा चिकटवून, डब्यासकट, मी त्यांच्याच हाती देतो आहे. समोर काठी घेऊन उभे आहेत ते अर्जुनराव. पत्र मोठ्याने वाचू नका, घडी घालून खिशात ठेवा, आणि आधी त्यांना बसायला खुर्ची द्या.