दगडू सावळाराम, मयत

१ फेब्रुवारी १९५१
आजपासून रोजनिशी. एकही दिवस चुकवायचा नाही.
कारण तसेच आहे. खानेसुमारीचा मोजणीदार म्हणून माझी नेमणूक झाली. सगळ्या शेळगावात डोके असलेला मनुष्य एकच, आणि तो शाळेत मास्तर आहे, हे सरकारच्या ध्यानात यायला चार वर्षे लागली. मी बारामतीचा. बदलीचा हुकूम नसता तर या गावाचे नावही मला ठाऊक झाले नसते.
संकल्प: नुसते फॉर्म भरून गप्प बसायचे नाही. खानेसुमारी, जन्म-मृत्यूची रजिस्टरे, तलाठ्याकडच्या वारसनोंदी, सगळे जुळवून ‘शेळगावातील शेतकरी घराणी: शास्त्रीय शोध’ हा ग्रंथ लिहायचा. दोन खंड. सहाशे पाने. एक प्रत पुण्याला वरच्या साहेबांना. पुढचे आपोआप होईल. या लोकांना बैल कोणत्या साली घेतला ते आठवते, लग्न कोणत्या साली झाले ते आठवत नाही. अशांना त्यांचा इतिहास मी देणार.
पहाटे पाचला उठायचे.

२ फेब्रुवारी
साडेसातला उठलो. थंडी फार.

१० फेब्रुवारी
रोज चाळीस घरे असा कोटा ठरवला होता. आज तीन झाली. माझा दोष शून्य. वय विचारले की एक म्हणतो, “टोळधाड आली तवा मी रांगत हुतो.” दुसरा म्हणतो, “ह्याच्यापरीस दोन पावसाळे मोठा.” आणि हा कोण, तर तो मेलेला. अशा मालमसाल्यातून शास्त्र काढायचे आहे.
महिपती तलाठी म्हणाला, “अंदाजे लिहा हो मास्तर, सगळेच लिहितात.” याच्या हातात गावाचे दप्तर आहे! मी त्याच्याकडे नुसते पाहिले.

१४ फेब्रुवारी
आज झुंबरचे घर. झुंबर पाटाच्या पाण्यावर वांगी-टोमॅटो काढतो आणि निमगाव केतकीच्या बाजारात नेतो. आयुष्य वांग्यात गेले, वांग्यातच जाईल. माझ्या दोन्ही वेळच्या भाकरीची सोय याच घरी आहे, पण म्हणून फॉर्म भरताना मी मुलाहिजा ठेवणारा नव्हे.
त्याची आई धोंडाबाई. वय विचारले तर म्हणाली, “तुमीच तोंडाकडं बगा आन लिवा.” पन्नास लिहिले. घरातली माणसे संपली, मी कागद आवरले, तर म्हणते, “माझ्या भावाला बी लिवा.”
कुठे आहे भाऊ?
“त्येच म्हाईत न्हाय.”
मग सगळी कहाणी ऐकावी लागली. माहेर निमगाव केतकी. बापाचे नाव सावळाराम. मानमोडीच्या तापाच्या साथीत, म्हणजे १९१८ साली, आईबाप आठ दिवसांच्या अंतराने गेले. हिचे लग्न होऊन ती शेळगावात आलेली. पाठचा भाऊ दगडू, आठ वर्षांचा. त्याला कोणी चुलत आत्या कालव्याच्या कामावर घेऊन गेली. पुढे आत्या तिकडेच मेल्याचे कळले. पोराचे काहीच कळले नाही. तेहतीस वर्षे झाली.
मी समजावले की या फॉर्मात घरात राहणारी माणसेच लिहायची असतात.
“मंग त्यो जितं आसंल, तितं त्याला कुनीतरी लिवनार का न्हाय?”
लिहिणार. सरकार कोणाला सोडत नाही.
“मंग तुमच्याच कागदात हाय की त्यो. बगा की जरा.”
हसू आले. मग वाटले, शास्त्राची ताकद दाखवायला हीच जागा. ओट्यावर चार माणसे बसली होती. त्यांच्यासमक्ष जाहीर केले की एका महिन्यात दगडूचा ठावठिकाणा कागदावरून सांगतो. बाईने न विचारता माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि तीवर लोण्याचा गोळा. अडाणी माणसांना खूश करणे किती सोपे.

१ मार्च
खानेसुमारी संपली. शेवटच्या सत्तर घरांची वये मी चेहऱ्यावरून ठरवली. महिपती करतो तो अंदाज. मी करतो ते निरीक्षण.
रोजनिशीत पंधरा दिवसांचा खंड पडला आहे. कामाचा ताण. ग्रंथाबद्दल: दोन खंड ही कल्पना पोरकट होती. एकच खंड, पण भक्कम.

५ मार्च
महिपतीकडे जाऊन जुनी दप्तरे मागितली. तो म्हणाला, निमगावची नोंद इथे कशी असेल, आणि एवढा खटाटोप कशाला. बाजाराच्या दिवशी निमगावात जाऊन चार म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्या सगळे सांगतील. मी म्हणालो, बायका सांगतात त्याला गप्पा म्हणतात, रजिस्टर सांगते त्याला इतिहास म्हणतात.
हे वाक्य ग्रंथात घालायचे. पहिलेच.

१२ मार्च
इंदापूर. मोटारीत दोन तास उभा, पायावर कोणाची तरी कोंबडी. कचेरीत एक वयस्क कारकून निघाले. सभ्य गृहस्थ, पण दृष्टी मर्यादित. त्यांनी १९१८ चे निमगावचे मृत्यूचे रजिस्टर काढून दिले. साथीचे साल, पानेच्या पाने भरलेली. एका घरात चार, एका घरात सहा. धुळीने शिंका येऊन माझे डोके दुखू लागले.
आणि सापडले! दगडू, वय आठ, ताप, मयत ९ ऑक्टोबर १९१८. बापाचे नाव सखाराम.
कारकून म्हणाले, “तुम्ही सावळाराम म्हणालात ना? शिवाय दगडू नावाची तीन मुलं आहेत या सालात. मुलं जगत नसली की लोक हेच नाव ठेवायचे.” मी म्हणालो, वय जुळते, गाव जुळते, साल जुळते. सावळारामचे सखाराम ही लिहिणाऱ्याची चूक. कारकून चष्मा पुसत राहिले. मुद्दा खोडता आला नाही की माणसे चष्मा पुसतात.
एक महिना म्हणालो होतो. दोन दिवस हातात राखून काम फत्ते.

१३ मार्च
संध्याकाळी झुंबरच्या ओट्यावर माणसे जमवून निकाल वाचून दाखवला. अक्षर सुवाच्य, भाषा कायदेशीर: ‘दगडू सावळाराम, मयत.’ बाई रडेल म्हणून दोन वाक्ये सांत्वनाची तयार ठेवली होती. रडली नाही. म्हणाली, “कंदी मेला म्हनता?”
नऊ ऑक्टोबर.
“म्हंजी दिवाळीच्या आदी का मागनं?”
आधी. जवळजवळ महिनाभर.
“त्या दिवाळीत त्यो हितं हुता. आत्या घिऊन जायाच्या आदी आट दिस माज्यापाशी हुता. माज्या हातच्या करंज्या खाल्ल्या त्यानं. सात.”
मी शांतपणे सांगितले की शोकाने स्मरणशक्ती बिघडते आणि कागदाला शोक होत नाही. माणसे एकेक करून उठून गेली. वाक्य त्यांच्या डोक्यावरून गेले असावे.

१५ मार्च
भाजीत मीठ नव्हते. योगायोग.
झुंबरने विचारले, मामाचे सुतक धरायचे का? मी म्हणालो, तेहतीस वर्षांनी ते शास्त्राला धरून होईल की नाही, पाहावे लागेल. तो म्हणाला, “आई दर भाऊबीजंला चांदाला ओवाळती. भाऊ कुटं हाय म्हाईत न्हाय म्हनून. आता त्ये बी बंद करायचं व्हय?”
मी म्हणालो, तर्काने पाहिले तर होय.
तो कुदळ घेऊन पाटाकडे गेला. तर्काचे नाव काढले की शेतकरी कुदळ उचलतो.

१९ मार्च
बाई माझ्याशी बोलत नाही. भाकरी ठेवते आणि जाते. दुपारभर उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे बघते. माझ्या शोधाचा परिणाम हळूहळू मनात मुरतो आहे, असे दिसते.
आजही भाजीत मीठ नव्हते.

२५ मार्च
झुंबर बाजारातून चिडून आला. त्याने निमगावात आपल्या मामाची बातमी सांगितली, तर म्हातारेकोतारे हसले म्हणे. सखारामचा दगडू मेला ते खरे, ते पोर त्यांच्या डोळ्यांसमोर गेले. सावळारामचा दगडू वेगळा. तानूबाई नावाची कोणी बांगड्या भरणारी बाई आहे. ती गावोगाव हिंडते. तिने तर “शेळगावचा मास्तर बसल्या जागंवर मानसं मारतो” अशी गोष्टच करून टाकली आहे. आता हिंडेल तिथे सांगेल.
माझे नाव तालुकाभर होत आहे, एवढे यातून सिद्ध होते. प्रत्येक संशोधकाला हे सोसावे लागले आहे.
ग्रंथ: सध्या एक विस्तृत लेख. तीस पाने. ग्रंथाचे पुढे पाहू.

२ एप्रिल
लेखाचे पहिले वाक्य लिहिले. उत्तम. दुसऱ्याचा विचार चालू.

८ एप्रिल, सकाळ
शाळेला सुट्टी. झुंबरच्या ओट्यावर बसून दुसरे वाक्य लिहीत होतो. चाळिशीचा एक काळा, आडवा माणूस आला. खांद्यावर गुळाची ढेप, मागे बायको. ढेप खाली ठेवून गावभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “म्या मेलो म्हनून लिवनारा मास्तर कुटं हाय?”
मी विचारले, आपण कोण.
“बारामतीकडं गुऱ्हाळावर गूळ करतो. भीमा म्हनत्यात. कालव्यावर ज्यांनी संबाळलं त्येंनी त्ये नाव ठिवलं. आदी दगडू म्हनत हुते. निमगावचा. सावळारामाचा.”
तानूबाई याच्या बायकोला बांगड्या भरायला गेली होती. गंमत म्हणून माझी गोष्ट सांगितली. निमगाव, सावळाराम, मानमोडी हे शब्द ऐकून हा गुळाच्या कढईजवळून उठून आला. कालव्यावर कोणीतरी त्याला लहानपणीच सांगितले होते की साथीत तुझ्या घरचे कोणी उरले नाही, बहीणही गेली. त्याने ते खरे मानले. इतकी वर्षे बारा कोसांवर राहत होता.
कोणीही येऊन कोणाचाही भाऊ होईल, म्हणून मी लगेच चौकशी हाती घेतली. बावीस प्रश्न काढले. जन्माचा दाखला? नाही. कालव्यावरच्या हजेरीचा कागद? नाही. खानेसुमारीत नाव काय दिले? भीमा. म्हणजे दगडूच्या नावाने एकही पुरावा नाही. सहाव्या प्रश्नाला तो म्हणाला, “मास्तर, मेलेल्या मानसानं किती सवालांची उत्तरं द्यायची?”
आवाज ऐकून जमलेल्या बाया हसल्या. एवढ्यात धोंडाबाई आतून आली. हात पिठाचे. काही विचारले नाही. त्याची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवले आणि नाकाची उजवी बाजू अंगठ्याने चाचपली. मुले जगत नसली की पुढच्या मुलाचे नाक टोचायची यांची रीत असते. त्याच्या नाकपुडीवर बुजलेल्या भोकाची खूण होती. मला ती दिसली नव्हती. प्रश्नांत तो प्रश्नच नव्हता.
तो म्हणाला, “आक्के, म्हनलं तू बी गेलीस.”
ती म्हणाली, “करंज्या किती खाल्ल्या हुत्यास रं?”
“सात. आटवी तू काडून घेतलीस. पोट दुकंल म्हनालीस.”
मग ती जी रडायला लागली ती थांबेना. तोही. एवढा मोठा माणूस, तोंडाला पीठ लागलेले. झुंबर खांबाला टेकून उभा होता, तो आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला. मी सगळ्यांना शांत राहण्यास सांगितले. सातवा प्रश्न राहिला होता.

त्याच दिवशी, दुपार
बाईने त्याला पाटावर बसवून ओवाळले. मी दाखवून दिले की हा चैत्र आहे आणि भाऊबीज कार्तिकात असते. झुंबर म्हणाला, “मास्तर, तुमी जरा गप बसा.” चार वर्षांत हा माणूस माझ्याशी असे बोलला नव्हता.
नंतर विचार केला. मी मयत लिहिले म्हणून तानूबाईने सांगितले, तिने सांगितले म्हणून तो आला. म्हणजे शोध माझाच. हे ओट्यावर सर्वांना समजावून सांगावे म्हणून उभा राहिलो. माणसे गुळाची ढेप फोडत होती. बसलो.
लेखाऐवजी वर्तमानपत्राला पत्र पाठवावे का? अर्धे पान पुरे होईल.

९ एप्रिल
आज झुंबरकडे गावजेवण. पुरणपोळी. मला पहिल्या पंगतीत बसवले. माझी चूक त्यांना कळलीच नसावी किंवा त्यांनी ती मनावर घेतली नसावी. दोन्ही गोष्टी त्यांच्या अज्ञानाला शोभतात.
पंगत निम्म्यावर आली तेव्हा धोंडाबाई समोर येऊन बसली. सत्तावीस दिवसांनी माझ्याशी बोलली. आधी भावाला, मला ऐकू येईल असे, आपले कूळ सांगत होती: आई कोणाची, आईची आई कोणत्या गावची, तिच्या बहिणी कुठे दिल्या. कागद नाही, काही नाही. चांगला पाव तास. मग माझ्याकडे वळली. “मास्तर, आमचं समदं इचारलं तुमी. तुमचं कोन कोन हाय?”
मी सांगितले. आईवडील नाहीत, भाऊ नाही. वडिलांचे नाव, आजोबांचे, पणजोबांचे, सालांसकट, न अडखळता. भीमाने मान डोलावली.
“आन आजीचं नाव?”
वडिलांची आई. मी सात वर्षांचा होईपर्यंत तिने मला जेवू घातले. बोटांना लसणाचा वास असे. आम्ही पोरे तिला ‘माई’ म्हणायचो. गल्लीतली माणसेही माईच म्हणायची. आजोबांची वारसनोंद मी स्वतः पाहिली आहे. त्यात ‘विधवा’ एवढेच लिहिले आहे.
बाई वाट पाहत होती. पंगतीतले दोघेतिघे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, प्रश्न अवांतर आहे.
“आसू दे,” ती म्हणाली, “आटवंल,” आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढून पुढच्या माणसाकडे गेली.
घरी येऊन तास झाला. अजून आठवले नाही. बारामतीला पत्र टाकून कोणाला विचारता येईल, त्यांची नावे लिहायला घेतली. कागद समोर आहे. कोरा आहे.