रॉटरडॅमहून आलेली शेपटी

नाशिक रोड,
१५ फेब्रुवारी १९८६

प्रिय निवृत्ती,

बुधवार, १२ फेब्रुवारी, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी तू माझ्या नावाने आलेला मजकूर पुसलास. रॉटरडॅमहून व्हॉल्व्हची ऑर्डर आली होती आणि तिच्याखाली तिथल्या ऑपरेटर योहानाने माझ्यासाठी काही ओळी लिहिल्या होत्या. माझ्या जागी बसणाऱ्या मालनबाईंनी त्या पडद्यावर पाहून तुला विचारलं. तू म्हणालास, "कंपनीच्या कामाचं नाही, काढा." त्यांना घाबरायला होतंय म्हटल्यावर बटण तूच दाबलंस. त्यांनी पहिली ओळ तेवढी वाचली होती: विमलाला सांगा, हॉस्पिटलचा रिपोर्ट आला. मालनबाईंना यावरून एक शब्द बोलू नकोस. बोलायचं तर मला बोल.

टेलेक्सला कॉम्प्युटर जोडला याचा मला राग नाही. कुठल्या देशात किती माल पडून आहे हे साहेबांना खुर्चीतून कळतं, छान आहे. पण सिस्टिमला ऑर्डर लागते, बायकांच्या गप्पा नाही, असं तू नव्या मॅनेजरला सांगितलंस म्हणे. गप्पा? एकलहऱ्याहून सायकल हाणत नवा नवा कामाला आलास, तेव्हा मीच तुला शिकवलं होतं की ऑर्डर संपली म्हणून टेलेक्सचा कागद लगेच फाडायचा नाही, खाली शेपटी असते. दोन्हीकडच्या ऑपरेटर तिथे एकमेकींची विचारपूस करायच्या. अशाच एका शेपटीत योहानाने लिहिलं होतं, सोमवारपासून आमच्या बंदरात संप आहे, माल अँटवर्पला वळवा. तो निरोप घेऊन वर तू गेलास, शाबासकीही तुलाच मिळाली. तेव्हा ती माहिती होती. आता कचरा झाली होय रे?

बारा वर्षांत मी तिचा आवाज ऐकलेला नाही. पण तिच्या नवऱ्याला भात आवडत नाही, टाइप करताना चुकली की ती स्वतःलाच गाढव म्हणते, हे मला ठाऊक आहे. घरचे पत्ते आम्ही कधी विचारलेच नाहीत. मशीन होतं ना. डिसेंबरात माझ्या कामाच्या शेवटच्या दिवशी तिने लिहिलं, छातीत गाठ निघाली आहे, तपासायला दिली आहे, कळलं की आधी तुला सांगेन. तू माझ्या मागेच हार घेऊन उभा होतास. तूही वाचलंस. तेव्हा 'मला काय माहीत' हे उत्तर देऊ नकोस. आमच्या शाळेतल्या सिस्टर या उत्तराला हातावर पट्टी द्यायच्या, आणि मला अजून त्यांचंच बरोबर वाटतं.

माफीसाठी मी हे लिहीत नाही. काल संध्याकाळी मी तारघरात जाऊन योहानाला टेलेक्स केला, तुझा मजकूर पोचला नाही, पुन्हा पाठव. पण माझ्याकडे मशीन नाही, म्हणून तिचं उत्तर तुझ्याच मशीनवर येणार. योहानाच्या ऑफिसातलं टेलेक्स अठ्ठावीस तारखेला कायमचं बंद होतंय. तिथेही कुणी तुझ्यासारखा हुशार बसला असेल. तोवर माझ्या नावाचं काहीही पुसायचं नाही. जे येईल ते जसंच्या तसं, म्हातारीला सोसेल का असला विचार न करता, कागदावर काढून तुझ्या सहीनिशी पाठव. शुक्रवार, २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत ते माझ्या दारात हवं. आणि काहीच आलं नाही, तर काही आलं नाही, हेही मला लेखीच कळव.

तुझीच,
विमलाबाई