पडद्याआडची घार

श्वेता,
घारीच्या पिल्लाचा पंख बरा झाला असला तरी आज संध्याकाळी त्याला गच्चीवरून सोडू नकोस. त्याला माणसांची सवय लागू नये म्हणून तू पडद्याआडून चिमट्याने भरवतेस. पण तू आणि सुयोग ऑफिसला गेलात की मी पडदा सरकवून त्याला हाताने भरवायचे, गप्पा मारायचे. दिवसभर घरात दुसरं कोण असतं गो?

काल बाल्कनीची जाळी दुरुस्त करायला माणूस आला, तर पिल्लू त्याच्यापुढेही चोच उघडून बसलं. असं बाहेर गेलं तर कोणीही धरून नेईल.

मी नाहूरला माणिकमावशीकडे जातेय. पिल्लू माणसाला भिऊ लागलं की परत येईन. कोंबडीचे तुकडे फ्रीजमध्ये खालच्या डब्यात आहेत.

फोन केलास तर आतल्या खोलीतून कर. स्पीकरवर ठेवू नकोस, माझा आवाज ऐकला की ते पडद्याकडे येतं.
आई