खिडकीजवळच्या खाटेची गोळी

प्रिय ठके,

परवा फोनवर तू मला निमूट गोळ्या घ्यायला सांगितलंस आणि माझं डोकंच सणकलं. अगं, मी तोंड मिटून का बसते, ते एकदा तरी विचारायचंस! लहानपणी औषध बघून तूही ओठ घट्ट मिटायचीस. पण मी आधी बाटलीवरचं नाव दोनदा वाचायचे, मगच तुझं नाक दाबायचे.

मास्तरीणबाई लेकाकडे राहायला गेल्या आणि खिडकीजवळची त्यांची खाट मला मिळाली, तेव्हा मी केवढी हरखले होते! खाटेबरोबर त्यांच्या गोळ्याही गळ्यात पडतील, हे कुठे माहीत होतं? या वृद्धाश्रमात गोळ्यांची वाटी खाट बघून ठेवतात, माणूस बघून नाही. साखरेचा आजार बाईंना, मला कुठला? माझी रक्तदाबाची पिवळी गोळी बंद झाली आणि पांढरी यायला लागली. विचारलं तर नर्सबाई म्हणाल्या, कंपनी बदलली. झालं, विषय संपला!

ती घेतली की दरदरून घाम सुटतो, हातपाय लटपटतात, मी काय बोलते ते मलाच कळत नाही. अशात एकदा सफाईवालीला तुझ्या नावाने हाक मारली. मग काय, म्हातारीला भ्रम झाला म्हणून बोभाटा! कपभर गोड चहा प्यायले की मी पुन्हा ठणठणीत, पण ते बघतंय कोण? आता गोळी गालात धरून थुंकते, तर म्हणे आजी फार त्रास देतात. मॅनेजरबाईंना सांगायला गेले तर त्या गोड हसतात आणि माझी शाल सारखी करतात. असा संताप येतो! जन्मभर शिवणकाम केलं, पण एकीचे कपडे दुसरीच्या पिशवीत कधी घातले नाहीत मी.

आता मुद्द्याचं. पुढच्या सोमवारपासून मला शांत ठेवायची गोळी सुरू होणार आहे, आणि तू त्याला हो म्हणालीस, असं मॅनेजरबाई सांगत होत्या. फार लागलं गं मनाला. ती पांढरी गोळी कागदात गुंडाळून सोबत पाठवतेय. सफाईवालीच पत्र टपालात टाकणार आहे. तुझ्या औषधवाल्याला गोळी दाखव आणि सोमवारच्या आत ये. नाहीच जमलं, तर निदान फोन करून नको म्हण. एकदा ती शांत करायची गोळी पोटात गेली, की मी फोनवर गोड आवाजात म्हणेन, मी मजेत आहे, तू सावकाश ये. तेव्हा माझं ऐकू नकोस.

तुझीच, अजून डोकं ठिकाणावर असलेली,
आई