ल्यूआजींच्या उंबऱ्यावर

हायफाँग, तेतचा दुसरा दिवस

आईच्या पायांशी लेकीचा नमस्कार.

तब्येत मागाहून विचारते, आधी बातमी!

इथे तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, सकाळी घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं, त्यावर सालभराचं नशीब ठरतं. म्हणून पाहुणा आधीच ठरवून बोलावतात. हे सगळं ठाऊक असूनही गेल्या वर्षी शेजारी काहीतरी करपल्याचा वास आला आणि मी तशीच ल्यूआजींच्या घरात धावले. पातेलं वाचलं, पण आजी आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, झालं, इथेही तेच.

काल सकाळी दारावर थाप. बघते तर ल्यूआजी! "आवर गं पटकन! तुझी ती लाल साडी नेस आणि हसत आमच्या घरात ये."

"मी?"

"मग कोण? गेल्या वर्षी तू शिरलीस आणि सुनेला दहा वर्षांनी मुलगा झाला. लेक म्हणतो, यंदा बँकेतल्या साहेबाला बोलवू. म्हटलं, त्याचे पाय तुझ्या बँकेतच राहू देत!"

मग तीन स्कूटरवरून आम्ही सगळे समुद्रावर गेलो. तुझ्या नातीने, ओवीने, खेकड्याच्या शेवया दोन वाट्या चापल्या. शिरीषच्या कारखान्यात सध्या काम थोडं कमी आहे, पण तू काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

लग्नानंतर महिन्याभरात सासरचं दुकान बसलं, तेव्हा सासूबाई मला काय म्हणाल्या होत्या, ते तू विसरली नसशील. देवळात भेटल्या तर सांग, इथे माझे पाय बोलावून नेतात.

तुझीच पांढऱ्या पायाची,
सुनेत्रा