कोपरापर्यंत हात

पिंपरी,
ता. ९ मे १९७९

श्री. भैरूभाऊ यांस,

मधुसूदनचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. मृदुला चौथी पास झाली. भैरूकाकांच्या नावेतून औंधला जायचं, म्हणून रोज माझं डोकं खाते. शुभदाने कैरीचं लोणचं घातलंय, बरणी कोणाबरोबर तरी पाठवतो. रंभावहिनींना नमस्कार सांगा.

खरं तर बरणी मीच आणणार होतो. दोनदा सायकलवरून सांगवीत आलोही. वहिनी ओट्यावर तुम्हाला भाकरी भरवत होत्या. ते पाहिलं आणि मागे फिरलो.

समुद्रावर सांडलेलं तेल बरंच आटोक्यात आलं. साहेब खूश आहेत. तुम्हा नावाड्यांना या कामावर मी आणलं, तेव्हा ‘नदीवरची माणसं समुद्रात काय दिवे लावणार’ म्हणणारे आता गप्प आहेत. मी उगाच पाल्हाळ लावतोय, कळतंय मला.

दापोडीच्या पुलाखाली बोटींची तालीम सुरू झाली, तो पहिला दिवस आठवा. तेलावर फवारायच्या औषधाचं पिंप उघडलं तसा कोंडाजी म्हणाला, "ह्ये इख हाय. आमी न्हाई हात लावायचो." सगळे काठावर जाऊन बसले. बोटी तर रविवारी समुद्राकडे नेण्यासाठी ट्रकवर चढवायच्या होत्या. मी बाही सारली आणि कोपरापर्यंत हात औषधाच्या बादलीत घातला. म्हणालो, साबणासारखं आहे. तुम्ही हसून म्हणालात, "सायबाचा हात जाईना, मग आमचा कशानं जातोय?" तुम्ही उठलात म्हणून बाकीचे उठले.

भाऊ, त्या हाताला मी घरूनच व्हॅसलिन चोपडून आलो होतो. चांगला जाड थर. कोणीतरी अडून बसणार, हे मला ठाऊक होतं. हात बाहेर काढल्यावर तुमच्याकडे पाठ करून लगेच नदीत धुतला.

हातमोजे नंतर आले, पण उकाड्यात ते घालतंय कोण? माझा हात तुम्ही पाहिला होता. समुद्रावर सहा दिवस तुम्ही उघड्या हातांनी ते औषध कालवलंत, फवारलंत. दोन्ही हातांची कातडी सोलून निघाली ती त्यानेच.

तुमच्या हातांबद्दल कंपनीने चौकशी केली, तीत मी लिहून दिलंय की हातमोजे बोटीत होते, भैरूने ते घातले नाहीत. त्यात एक अक्षर खोटं नाही. त्याच्याच आधारावर सोमवारी तुम्हाला निष्काळजी ठरवून कामावरून काढणार आहेत. लिहिताना माझी नोकरी आणि कंपनीची खोली डोळ्यांपुढे होती. लाज वाटते, पण होतं तसं सांगतो.

साहेबांच्या केबिनपर्यंत मी तीनदा गेलो. तोंड उघडलं की बोटींच्या दुरुस्तीचंच बोलून परत येतो. माझा मला भरवसा उरलेला नाही. म्हणून हे पत्र तुमच्याकडे देतोय, म्हणजे मला ते मागे घेता येणार नाही. सोमवारी साहेबांच्या टेबलावर ठेवा. माझी दयामाया करू नका.

घरच्या पत्रात कोणी हुद्दा लिहीत नाही. मी लिहितोय.

तुमचा अपराधी,
मधुसूदन गोविंद आगटे
सुपरवायझर, बोट-तालीम विभाग